अडला हरी, आणि मध्ये बसलेली मुलगी

अर्धविराम

गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक लाजिरवाणा प्रकार घडला. फोटो साठवून ठेवणारी एक सशुल्क सेवा मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती. घेताना काय लागलं? एक टिचकी. बंद करायला गेलो तर बटणच सापडेना. बऱ्याच शोधाशोधीनंतर मदतीच्या पानाच्या पार तळाशी एक फोन नंबर मिळाला, तोही ठरावीक वेळेतच चालणारा. पाऊण तास तीच ती धून ऐकल्यावर एक मुलगी लाईनवर आली. "का बंद करताय?" सांगितलं. "निम्म्या दरात दिलं तर?" नको. "मग तीन महिने नुसतं थांबवून ठेवूया का?" नको. "तुमचे फोटो कायमचे जातील, चालेल ना?" इथे माझा तोल गेला. मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे म्हणाली, "सर, मला हे विचारावंच लागतं." मी फोन आपटला. सेवा अजून चालूच आहे.

दोन दिवस डोक्यात हेच, की एवढा राग कशाचा आला? रक्कम किरकोळ होती. त्यांनी दर दुप्पट केला असता तर मी चडफडलो असतो, सोडून दिलं असतं, पण जिवाचा असा संताप झाला नसता. राग पैशाचा नव्हता, अडवणुकीचा होता.

याच्या जवळ जाणारा एक अभ्यास आहे. १९८६ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या आणखी एका सहकाऱ्याने कॅनडातल्या लोकांना फोनवरून काही प्रश्न विचारले. त्यातला एक असा : एका दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं. रात्री जोरदार बर्फ पडतं आणि सकाळी दुकानदार भाव २० करतो. हे बरोबर का? ८२ टक्के लोक म्हणाले, नाही. फरक फक्त पाच डॉलरचा. पण दाराबाहेर बर्फ साचलंय, याला दुसरीकडे जायला वाट नाही, हे ओळखून भाव चढवला, हे लोकांना खुपलं.

'अडला हरी गाढवाचे पाय धरी' असं आपण म्हणतो तेव्हा सगळी कणव हरीकडे जाते. गाढवाचं म्हणणं कोणी ऐकत नाही. आणि गाढव कधीकधी आपणही असतो, हेही सोयीस्कर विसरतो. (त्या मुलीला तरी फोन ठेवायची मुभा होती का? मी मात्र आपटला.)

आता जरा मोठ्या पडद्यावर पाहा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं आणि चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. त्यातली काही मूलद्रव्यं मोटारीतल्या चुंबकांना लागतात आणि दुसरीकडून सहजी मिळत नाहीत. म्हणजे तिथेही तेच, समोरच्याला दुसरी वाट नाही हे हेरून मूठ आवळायची. आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो, वर कौतुकही करतो. दुकानदाराने केलं तर लूट आणि देशाने केलं तर डावपेच, असं का? तुम्ही मंडळी ही रेघ कुठे ओढता?

शेवटचा बाक

पाऊण तास नुसती धून? नशीबवान आहात. मला दर अर्ध्या मिनिटाला "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकायला लागलं होतं. एवढा महत्त्वाचा आहे तर उचला की!

खडूस आजोबा

मी सगळ्यांनाच अरेतुरे करतो, राग मानू नये.

अर्धविराम, तुझ्या त्या फावड्याचा हिशेब पुढे कर. समजा भाव १५च ठेवला. सकाळी सात वाजता पहिला आलेला माणूस स्वतःला एक, भावाला एक, मेव्हण्याला एक अशी तीन घेऊन जाईल, स्वस्तच आहेत म्हणून. आठ वाजता आलेल्या म्हातारीला रिकामी फळी. तिला तो 'न्याय्य' भाव कशाशी खायचा आहे? भाव २० झाला तर सातवाला एकावर थांबेल, आणि पलीकडच्या गावातला कोणीतरी गाडीत पन्नास फावडी टाकून इकडे निघेल.

१९७१ मध्ये अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी भाव गोठवले. पुढे बाकीचे निर्बंध सुटत गेले, पण तेलावरचे राहिले. १९७३ला अरब देशांनी तेल रोखल्यावर काय झालं? पंपांवर मैलमैल रांगा, आणि गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम की विषम यावरून पेट्रोल कधी मिळणार ते ठरायला लागलं. भाव न्याय्य, टाकी रिकामी. आता सांग, यात अडवणूक कोणी कोणाची केली?

तुझ्या फोटोवाल्यांचा मुद्दा मात्र वेगळा आहे. तो बाजार नाहीच. तो उंदराचा पिंजरा आहे. आत जायला दार, बाहेर पडायला नाही. फावड्यात आणि त्यात गल्लत करू नकोस.

तळटीप

आजोबांशी अर्धा सहमत. पण त्याच १९८६च्या पाहणीत आणखी दोन प्रश्न होते, ते या धाग्याला जास्त लागू पडतात.

एका छोट्या दुकानातल्या नोकराला तासाला ९ डॉलर मिळतात. आसपास बेकारी वाढते, इतर दुकानं तेच काम ७ डॉलरमध्ये करून घ्यायला लागतात. मालक त्याच नोकराचा पगार ७ वर आणतो. ८३ टक्के लोकांना हे अन्यायाचं वाटलं. आता प्रश्न जरासा फिरवला : तो नोकर स्वतःहून सोडून जातो आणि मालक नव्या माणसाला ७ वर ठेवतो. आता ७३ टक्के लोकांना काहीच वावगं वाटलं नाही.

काम तेच, दुकान तेच, पगार तोच. फक्त माणूस नवा. याचा अर्थ लोक न्याय मोजतात तो भावावरून नाही, आधीच्या नात्यावरून. जुन्या माणसाचा ९ डॉलरवर एक न लिहिलेला हक्क तयार झालेला असतो. नव्याचा नसतो. मला हे निरीक्षण थोडं भीतीदायक वाटतं, कारण मग कंपन्यांनी काय शिकायचं? जुन्याला डिवचू नका, नव्याला हवं ते लावा. आणि माणसं सारखी 'नवी' करत राहा.

एक ऐतिहासिक भर. १५ मार्च १९६२ रोजी अध्यक्ष जॉन केनेडी यांनी अमेरिकी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकांचे चार हक्क मांडले होते : सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन. गंमत पाहा, चौथा हक्क 'ऐकून घेण्याचा' आहे. भरपाईचा त्या चारांत नव्हता, तो पुढे ग्राहक चळवळीने जोडून घेतला. कंपन्यांनी तो चौथा हक्क फार मनावर घेतलेला दिसतो. ऐकतात सगळं. पाऊण तासाने.

भातुकली

हा धागा वाचून गप्प बसवेना. अर्धविराम, तुम्ही ज्या मुलीवर ओरडलात त्या खुर्चीवर मी तीन वर्षं बसले आहे. (तीच नाही, काळजी नसावी.) त्या विभागाला 'रिटेन्शन' म्हणतात. सोडून चाललेल्याला थोपवून धरायचं, एवढंच काम.

तिथे दोन आकडे असतात. एक 'सेव्ह रेट', म्हणजे बंद करायला आलेल्यांपैकी किती जणांना तुम्ही परत फिरवलंत. दुसरा कॉलला लागणारा सरासरी वेळ. पहिला वर हवा, दुसरा खाली. हे दोन्ही एकदम कसं जमवायचं ते ज्यांनी आकडे ठरवले त्यांनाही ठाऊक नव्हतं. वरून क्वालिटीवाले कुठलाही कॉल काढून ऐकणार. त्या तीन प्रश्नांपैकी एक जरी गाळला तर तो 'फेटल', म्हणजे बाकी सगळं उत्तम असूनही त्या कॉलचे गुण शून्य. तिने तुम्हाला "विचारावंच लागतं" असं सांगितलं ना, तेवढं सांगणंसुद्धा धाडसाचं आहे. आमच्याकडे त्या वाक्याचेही गुण कापायचे.

सगळ्यात वाईट भाग शेवटचा. कॉल संपला की ग्राहकाला मेसेज जातो, "आमच्या प्रतिनिधीला किती तारे द्याल?" लोक कंपनीवर चिडलेले असतात आणि एक तारा देतात. तो तारा कंपनीच्या नावे जमा होत नाही हो. तो माझ्या नावे होतो. नियम बनवणाऱ्याला तारे द्यायची सोय कुठेच नसते.

आणखी एक. माझ्याशी दहा मिनिटं तारस्वरात बोलणारा माणूस "तुमच्या साहेबांना द्या" म्हणायचा. शेजारचा मुलगा, माझ्यानंतर सहा महिन्यांनी लागलेला, फोन घ्यायचा आणि तीच वाक्यं म्हणायचा. समोरचा म्हणायचा, "हां, आता कसं नीट सांगितलंत." आम्ही त्यावर हसायचो. हसायला येत होतं म्हणून नाही.

ग्राहक राजा वगैरे ठीक आहे. पण राजाला जेव्हा सिंहासन सापडत नाही तेव्हा तो दारावरच्या माणसाला लाथ मारतो.

अर्धविराम

भातुकली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काय बोलू? चूक झाली. तिची माफी मागायची सोयसुद्धा नाही, कारण फोन लावला तर दुसरंच कोणीतरी येणार.

आजोबा, पिंजऱ्याचा मुद्दा मान्य. मग मला वाटतं माझी व्याख्या जरा बदलावी लागेल. टंचाई निसर्गाने आणली असेल तर भाव चढणं समजून घेता येईल. टंचाई मुद्दाम बनवलेली असेल तर ती अडवणूक. बाहेर पडायचं बटण काढून टाकणं म्हणजे दाराची टंचाई निर्माण करणं.

तळटीप

> टंचाई मुद्दाम बनवलेली असेल तर

याचा आद्य नमुना : फीबस कार्टेल. १९२४ साली जिनिव्हात दिव्यांच्या मोठ्या उत्पादकांनी एकत्र येऊन बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. आधीचे बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या सदस्याला दंड! नमुने तपासायला प्रयोगशाळा होती. टिकाऊ वस्तू बनवल्याबद्दल दंड घेणारी संस्था. दुसऱ्या महायुद्धात ते मोडलं.

आणि दाराच्या टंचाईबद्दल. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून कायदाच आहे की जो करार संकेतस्थळावर करता येतो तो तिथेच, स्पष्ट दिसणाऱ्या बटणाने मोडताही आला पाहिजे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने असाच नियम मंजूर केला होता, पण तो पुरता लागू होण्याच्या तोंडावर, जुलै २०२५ मध्ये, न्यायालयाने रद्द केला. नियम चुकीचा म्हणून नव्हे. आयोगाने आर्थिक परिणामांचा आवश्यक तो प्राथमिक अहवाल आधी काढला नाही म्हणून.

शेवटचा बाक

थोडक्यात, नियम बनवणाऱ्यांनाही कोणीतरी विचारलं, "तुम्ही आधी हा फॉर्म भरलात का?" :)

उत्तरायण

मला सामाजिक बाजूबद्दल लिहायचं आहे. युरोपातून निघणारं माझं विमान एकदा पाच तास उशिरा पोचलं. २००४ चा युरोपीय नियम आहे, क्रमांक २६१. अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. उतरताना मी सहज शेजारच्या दोघातिघांना सांगितलं की अर्ज करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांना पाकीट मारायला शिकवतोय. एक जण म्हणाले, "जाऊ द्या हो, पोचलो ना सुखरूप." दुसरे म्हणाले, "एवढ्यातेवढ्यासाठी कोण मागे लागणार."

मी अर्ज केला. कंपनीचं पहिलं उत्तर, "तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती होती." युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय की नेहमीच्या कामकाजात उद्भवणारा बिघाड असाधारण धरता येत नाही. तो निकाल जोडून पत्र धाडलं. पैसे आले. त्या विमानात दोनेकशे माणसं होती. किती जणांनी मागितले असतील?

माझं म्हणणं असं, की आपल्याला अन्याय सहन करण्यापेक्षा 'कटकट्या' म्हणवून घेण्याची जास्त भीती वाटते. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे. हक्क कागदावर द्यायचा आणि तो मागणाऱ्याला शरम वाटेल अशी हवा ठेवायची. मग बहुतेकांच्या सोशिकपणावर गाडा निवांत चालतो, आणि माझ्यासारख्या चार चिकटांना पैसे देऊन टाकणं परवडतं.

खडूस आजोबा

उत्तरायण, हे पटलं. पण ते दोनेकशे लोक निव्वळ शरमेपोटी गप्प बसले असं नाही. निम्म्यांना नियमच माहीत नसणार. कायद्याची भाषा वाचता येणारा, निकाल शोधून जोडणारा तू. तक्रार करणं हेही एक शिक्षण आहे, आणि ते ज्याला मिळालं त्याचाच खिसा भरतो. भरपाई न मागणाऱ्यांच्या जिवावर तुझी भरपाई निघते असंही म्हणता येईल. चिडू नकोस.

उत्तरायण

चिडलो नाही. पण आता मला ते सहाशे युरो बोचायला लागले, त्याबद्दल आभार.

चष्मेबद्दूर

माफ करा, पण हे सगळे भरल्या पोटाचे चोचले वाटतात. बटण सापडलं नाही, विमान उशिरा पोचलं. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० पेक्षा जास्त कामगार मेले. भिंतींना तडे गेलेत म्हणून आदल्या दिवशी इमारत रिकामी केली होती. तरी दुसऱ्या दिवशी त्यांना आत बोलावलं. कपडे कोणासाठी शिवले जात होते? आपल्यासारख्या 'ग्राहक हक्क' वाल्यांसाठीच. स्वस्त हवं आणि लवकर हवं, हा दबाव खाली उतरत उतरत त्या तडे गेलेल्या भिंतीपर्यंत पोचला.

आणि देशांबद्दल बोलायचं तर ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव ठेवला होता, की महासाथ आहे तोवर लशी-औषधांवरचे पेटंटचे नियम बाजूला ठेवा. निर्णय व्हायला जून २०२२ उजाडलं, तोही फक्त लशींपुरता आणि बराच पातळ केलेला. तोवर श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येला पुरून उरतील एवढ्या मात्रा नोंदवून ठेवल्या होत्या. तुमचा सात वाजता येऊन तीन फावडी नेणारा माणूस, आजोबा. तो हाच.

तळटीप

चष्मेबद्दूर यांचा सूर आवडला नाही, मुद्दा आवडला. विशेषतः फावड्याचा. आजोबांच्या गोष्टीत भाव वाढला की साठेबाज थांबतो. इथे भाव वाढल्यावर साठेबाजच सगळ्यात पुढे होता, कारण पैसे त्याच्याचकडे होते.

राणा प्लाझाबद्दल एक पुरवणी. दुर्घटनेनंतर महिन्याच्या आत कंपन्या आणि कामगार संघटनांमध्ये आग व इमारत सुरक्षेचा एक करार झाला. त्याचं वेगळेपण असं की तो कायदेशीररीत्या बंधनकारक होता. त्याआधी कंपन्यांच्या स्वेच्छेच्या आचारसंहिता चिक्कार होत्या. भिंत त्यांच्या देखतच पडली.

खडूस आजोबा

हरलो म्हणत नाही, पण लशीच्या बाबतीत फावड्याचा नियम चालत नाही हे कबूल. पलीकडच्या गावातून गाडी भरून आणायला तिथे पेटंटची कुलपं होती.

आता मूळ प्रश्नाकडे. देशाने अडवलं तर ते डावपेच का? कारण देशांच्या वर न्यायालय असून नसल्यासारखं आहे. तुझ्या फोटोवाल्यावर नियम लादता येतो. महासत्तेवर कोण लादणार? क्यूबावरच्या अमेरिकी निर्बंधांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून ठरावामागून ठराव मंजूर होताहेत, प्रचंड बहुमताने. निर्बंध जागच्या जागी. चौथा हक्क, ऐकून घेण्याचा!

शेवटचा बाक

"आपला ठराव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

उत्तरायण

पण अडवणूक नेहमी वरून खालीच होते असं नाही ना. 'बॉयकॉट' हा शब्दच मुळी उलट दिशेच्या अडवणुकीतून आलाय. १८८० साली आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा एक जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी खंड कमी करून मागितला, त्याने जमीन सोडायच्या नोटिसा काढल्या. कुळांनी हात उगारला नाही. फक्त त्याच्याशी सगळे व्यवहार थांबवले. शेतावर मजूर नाही, घरात नोकर नाही, दुकानात माल नाही, पत्र आणायला पोऱ्या नाही. पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला फौजफाटा. पीक निघालं त्याच्या कित्येक पट खर्च त्या बंदोबस्तावर झाला. वर्ष संपायच्या आत तो देश सोडून गेला, आणि त्याचं आडनाव क्रियापद झालं.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, १९५५-५६ मध्ये. लोक पायी कामाला जात होते. तीही बस कंपनीची अडवणूकच. मग ती आपल्याला न्याय्य का वाटते?

अर्धविराम

कारण तिथे अडवणाऱ्याने आधी स्वतःची पायपीट पत्करली. मला तरी रेघ तिथे दिसते. बहिष्कार टाकणारा स्वतःच्या पायाला फोड आणून समोरच्याला अडवतो. रिटेन्शनवाली कंपनी स्वतः काय सोसते? फोनचं बिल?

भातुकली

पटलं, पण पूर्ण नाही. देशांच्या बाबतीत हे जुळवून बघा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर संयुक्त राष्ट्रांनी इराकशी व्यापार बंद केला. युद्ध संपलं तरी निर्बंध राहिले. तेल विकून त्या बदल्यात अन्न-औषधं घ्यायची योजना १९९५ला मंजूर झाली, पण धान्य पोचायला १९९७ उजाडलं. एवढ्या वर्षांत सद्दाम हुसेन यांच्या ताटातला घास कमी झाला नाही. ज्यांनी कुवेत जिंकायचा निर्णय घेतला नव्हता, ज्यांना तो फिरवायचा अधिकारही नव्हता, ती माणसं औषधांवाचून राहिली.

मला हे वाचताना माझी खुर्ची आठवते. अडवणाऱ्याला अडवायचं असतं दुसऱ्यालाच, पण मध्ये कोणीतरी बसवलेलं असतं. मार त्याला पडतो. कंपनीला धडा शिकवायचा म्हणून एक तारा, पडला माझ्यावर. हुकूमशहाला धडा शिकवायचा म्हणून निर्बंध, पडले दवाखान्यांवर. निर्बंध लावूच नयेत असं म्हणत नाही. गप्प बसणं हाही काही न्याय नव्हे. पण लावणाऱ्याने मध्ये कोण बसलंय ते आधी पाहावं.

चष्मेबद्दूर

भातुकली, वरचा 'भरल्या पोटाचे चोचले' हा शब्द मागे घेतो. तुमच्या पहिल्या प्रतिसादानंतर तो लिहायला नको होता.

तळटीप

मध्ये कोण बसलंय ते पाहून केलेला एक प्रयत्न आठवतो. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी रशियन तेलाला ६० डॉलर प्रतिपिंप अशी मर्यादा घातली. तेल विका, पण यापेक्षा महाग विकलंत तर आमची जहाजं आणि आमचा विमा मिळणार नाही. जगाचं तेल बंद पडू नये आणि रशियाची कमाई मात्र घटावी, असा हिशेब. लवकरच रशियाने जुनी जहाजं गोळा करून, आडमार्गाने विमा काढून आपला वेगळा तांडा उभा केला. म्हणजे दार बंद केलं की लोक भिंत फोडतात. जुन्या टँकरने तेल सांडलं तर किनाऱ्यावर कोण असेल, हा पुन्हा भातुकलींचाच प्रश्न.

वाचनमात्र

सहा वर्षं इथे फक्त वाचतो. पहिलाच प्रतिसाद.

मला जन्मापासून ऐकू येत नाही. 'फक्त फोन करून बंद करता येईल' असं लिहिलेलं दिसलं की तुम्हाला राग येतो. मला तो पर्यायच नसतो. एकदा अशाच एका सेवेचे पैसे अकरा महिने भरले, कारण बहिणीला फोन करायला सांगितलं तर त्यांनी "खातेदाराशीच बोलू" म्हटलं. तिने सांगितलं की खातेदाराला ऐकू येत नाही. त्यावर पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे मॅडम, मग त्यांना फक्त 'हो' म्हणायला सांगा." मी बोलू शकत नाही हेही त्यांना सुचलं नाही. शेवटी कार्डच बंद केलं आणि बाकी सगळ्या ठिकाणी नवा नंबर देत बसलो.

तुमच्या चर्चेत सगळे अडलेले हरी किमान बोलू शकतात, एवढंच लक्षात आणून द्यायचं होतं. केनेडींचा चौथा हक्कही 'ऐकून घेण्याचा' आहे म्हणे.

भातुकली

वाचनमात्र, आमच्या यादीत बंद करण्याची एकोणीस कारणं होती. 'फोनवर बोलू शकत नाही' हे त्यांत नव्हतं. तीन वर्षांत माझ्याही डोक्यात आलं नाही. मी तर मध्ये बसलेली बिचारी म्हणून इथे भाषण ठोकत होते.

खडूस आजोबा

वाचनमात्र, लिहीत राहा. सहा वर्षं आमची बडबड सोसलीस, आता थोडी आम्हाला सोसू दे.

अर्धविराम

अपडेट देतो. आज पुन्हा फोन लावला. पस्तीस मिनिटं धून. या वेळी एक मुलगा आला. मी आधीच सांगून टाकलं, "तुम्हाला तीन प्रश्न विचारावे लागतात हे मला माहीत आहे. विचारा, मी ओरडणार नाही." पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हळूच म्हणाला, "सर, कारण काय टाकू? 'कार्ड बंद झालं' असं टाकलं तर पुढचे प्रश्न येतच नाहीत." मी म्हटलं टाका. दोन मिनिटांत बंद झालं. मेलही आला.

वाचनमात्र, तुमच्या सेवेलाही हे लागू पडलं असतं, पण हे कळायला फोनच करावा लागला असता. हे लिहितानाही बरं वाटत नाहीये.

शेवटचा बाक

आणि तारे?

अर्धविराम

पाच दिले. खाली 'प्रतिनिधीची कोणती गोष्ट आवडली ते लिहा' असा मोठा चौकोन होता.

भातुकली

लिहिलं नाहीत ना?!

अर्धविराम

नाही. रिकामा सोडला.